भक्षक पेशी आणि स्त्रीचे संप्रेरक



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहायचे, तर त्याने मजुरी, महागाई आणि संप यांवर बोलावे अशी रीत आहे. आम्हीही आजवर ती पाळली. यंदा चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले की, इस्ट्रोजेन नावाचे स्त्रीचे संप्रेरक शरीरातल्या भक्षक पेशींना कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावायला कशी मदत करते, या शोधाचा इतिहास सांगावा म्हणतो. चिटणीस क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “अण्णा, लोक येतील ना?” आपण आला आहात, तेव्हा त्यांची काळजी मिटली आणि आमची सुरू झाली.

आमचे शालेय शिक्षण सातवीवर संपले. पुढे यंत्रमागावर कांड्या भरण्याचे काम आले, आणि जे काही वाचले ते संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. म्हणून आधीच सांगून टाकतो की आम्ही डॉक्टर नाही आणि कोणाला औषध सांगणार नाही. पण एखादी गोष्ट माणसांना कशी कळत गेली, कोठे अडली आणि का अडली, हे सांगण्यास पदवी लागत नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक प्रसंग कारण झाला. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायांच्या संघटनेत एक बाई होत्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत असू. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. पाळी जाऊन पाचसहा वर्षे झाली होती. २००८ सालच्या उन्हाळ्यात एका सभेनंतर त्या आम्हांला म्हणाल्या, “अण्णा, दोन दिवस झाले, पाठीत आणि जबड्यात दुखतंय. घाम सुटतोय.” आम्ही त्यांना दवाखान्यात धाडले. तेथे त्यांना पित्ताची गोळी मिळाली, आणि बायकांना काही एवढ्यात हृदयविकार होत नाही, असा दिलासाही मिळाला. तिसऱ्या दिवशी पहाटे अक्का गेल्या. ज्याने दिलासा दिला त्याच्यावर आम्ही पुष्कळ दिवस रागावलो होतो. पण वाचता वाचता लक्षात आले की त्याचे वाक्य त्याचे एकट्याचे नव्हते. ते साऱ्या वैद्यकाचे जुने वाक्य होते, आणि त्यात अर्धे सत्य होते. ते अर्धे सत्य कोणते आणि उरलेले अर्धे कसे हरवले, हाच आजचा विषय.

ही कथा तीन ओढ्यांची आहे. तिन्ही वेगवेगळ्या डोंगरांवर उगम पावले आणि फार उशिरा एकत्र आले.

पहिला ओढा कोलेस्टेरॉलचा. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पुलेतिए द ला साल या वैद्याला पित्ताशयातल्या खड्यांत एक पांढरा, मेणचट पदार्थ सापडला. १८१५ साली शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. त्या ग्रीक नावाचा अर्थ एवढाच की पित्तातला घट्ट पदार्थ. पुढे कळले की हा पदार्थ नुसता रोगाचा नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या कवचाला तो लागतो, आणि यकृत तो रोज स्वतः तयार करते. परंतु १९१० साली विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रोगट आणि निरोगी महारोहिण्यांची तुलना केली, तेव्हा रोगट भिंतीत कोलेस्टेरॉल कितीतरी पट अधिक निघाले. स्निग्धाम्लाशी जोडलेले, म्हणजे साठवणीच्या रूपातले कोलेस्टेरॉल तर वीस पटींहून अधिक होते. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांना आपल्याकडे रोहिणी म्हणतात. त्या नळ्यांच्या भिंतीत मेण साचते, भिंत जाड होते, आणि हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी एखादे दिवशी बंद पडते. हृदयविकाराचा झटका तो हाच.

दुसरा ओढा भक्षक पेशींचा. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रताऱ्याच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्याने अळीच्या अंगात एक बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! परकी वस्तू गिळून टाकणाऱ्या या पेशी प्राण्याच्या संरक्षणाचे काम करतात, हे त्याने ओळखले. त्यांतल्या मोठ्या पेशींना त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ महाभक्षक असा होतो. १९०८ साली त्याला एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला रोगप्रतिकारशक्ती म्हणतो, तिचे हे पायदळ. जंतू गिळणे, मेलेल्या पेशी उचलणे, सांडलवंड साफ करणे ही सारी कामे तिच्याकडे. आमच्या भाषेत सांगायचे तर ही शरीराची सफाई कामगार.

हे दोन ओढे १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे एकमेकांना मिळाले. अनिच्कोव्ह आणि खलातोव्ह या दोघांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले. काही आठवड्यांतच सशांच्या रोहिण्यांत माणसासारखे थर दिसू लागले. त्या थरांत अनिच्कोव्हला काही विलक्षण पेशी दिसल्या. त्यांच्या पोटात मेणाचे इतके थेंब भरलेले की सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसत. या पेशी पांढऱ्या रक्तपेशींच्या कुळातल्या आहेत, हे त्याने सांगितले. म्हणजे सांडलेले मेण उचलायला आलेली सफाई कामगार मेणाच्या ओझ्याखाली स्वतःच भिंतीत गाडली गेली होती. या फेसाळ पेशी हेच आमच्या कथेचे मुख्य पात्र. पण त्या काळच्या विद्वानांनी सशाच्या रोगाचा माणसाशी काय संबंध, असे म्हणून ही गोष्ट पुष्कळ वर्षे बाजूला ठेवली. उंदीर आणि कुत्रे तेच खाऊन सहज आजारी पडत नसत, हे त्यांच्या शंकेचे कारण होते.

तिसरा ओढा स्त्रीच्या संप्रेरकाचा. अमेरिकेत सेंट लुई येथे ॲलन आणि डॉइझी या दोघांनी १९२३ साली डुकरिणींच्या बीजांडकोशातल्या द्रवात ते असल्याचे दाखविले. १९२९ साली डॉइझीने तेथे आणि बुटेनांट याने जर्मनीतील ग्योटिंगेन येथे, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून त्या कुळातला एक पदार्थ शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला. बीजांडकोशातले मुख्य आणि अधिक प्रभावी रूप, म्हणजे इस्ट्राडायॉल, मिळविण्यासाठी डॉइझीच्या मंडळींना पुढे सुमारे चार टन बीजांडकोश लागले. त्यांतून हाती आले ते अवघे १२ मिलिग्रॅम. चिमटीत मावणार नाही एवढे! इतक्या अल्प प्रमाणात काम करणारी वस्तू शरीरात काय काय घडवीत असेल, याची कल्पना यावरून यावी.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. बुटेनांट हा ज्या गुरूच्या हाताखाली शिकला तो गुरू म्हणजे रोगट रोहिणीतले कोलेस्टेरॉल मोजणारा विंडाउस. आणि या नव्या संप्रेरकाची घडण उलगडली तेव्हा ते कोलेस्टेरॉलच्याच कुळातले निघाले. आज आपल्याला ठाऊक आहे की शरीर इस्ट्रोजेन तयार करते ते कोलेस्टेरॉलपासूनच. गुरूने आई तपासली, शिष्याने लेक शोधली. पण ही लेक आईच्या पसाऱ्यावर नजर ठेवते, हे दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

ते प्रथम ध्यानात आले १९५२ साली, शिकागोत, आणि तेही कोंबड्यांमुळे. मायकेल रीझ रुग्णालयातील रूथ पिक, स्टॅमलर, रॉडबार्ड आणि कॅट्झ यांनी कोवळ्या कोंबड्यांना कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य दिले आणि त्यांतल्या काहींना इस्ट्रोजेनही दिले. ज्यांना इस्ट्रोजेन मिळाले त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या स्वच्छ राहिल्या. श्रोतेहो, येथे थोडे थांबा. त्या कोंबड्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल चढलेलेच होते आणि त्यांची महारोहिणीही वाचली नाही. म्हणजे माल तितकाच येत होता, पण हृदयाच्या रोहिणीच्या भिंतीत तो साचत नव्हता. संप्रेरकाचे काम केवळ रक्तात नाही, भिंतीत जे घडते तेथेही आहे, असा हा इशारा होता. तो वाचायला पुढे पन्नास वर्षे लागली.

त्याच सुमारास मेयो क्लिनिकमधल्या शवविच्छेदनांवरून १९५३ साली दिसले की दोन्ही बीजांडकोश काढलेल्या स्त्रियांच्या हृदयरोहिण्या इतर स्त्रियांपेक्षा अधिक खराब होत्या. फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी चालू होती. त्यांत २,८७३ स्त्रिया होत्या. १९७६ साली त्या अभ्यासाने सांगितले की वीस वर्षांत, पाळी चालू असलेल्या एकाही स्त्रीला झटका आला नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांत मात्र रोगाचे प्रमाण वाढत गेले. दिलासा देणाऱ्याचे अर्धे सत्य ते हेच. ते एका गावच्या एका गटाचे निरीक्षण होते. तरुण स्त्रीला हृदयविकार होतच नाही असा त्याचा अर्थ नव्हता, आणि पाळी गेलेल्या अक्कांना तर ते वाक्य लागूच नव्हते.

आता खरी विपरीत गोष्ट ऐका. स्त्रीला जे संप्रेरक राखते ते प्रथम मोठ्या प्रमाणावर कोणाला देऊन पाहिले? पुरुषांना! १९६६ साली अमेरिकेत एक विशाल प्रयोग सुरू झाला. एकदा झटका येऊन गेलेले ८,३४१ रुग्ण घेतले, सगळे पुरुष. त्यांतल्या दोन गटांना घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन दिले, एका गटाला रोज ५ मिलिग्रॅम, दुसऱ्याला अडीच. मोठ्या मात्रेच्या गटात झटके आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, म्हणून १९७० साली ती मात्रा थांबवावी लागली. लहान मात्राही १९७३ साली बंद झाली. स्त्रियांना या प्रयोगात स्थानच नव्हते. पुढे ॲस्पिरिनच्या गोळीने झटका टळतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत २२,०७१ डॉक्टरांवर जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्याचा निकाल १९८९ साली आला. त्यांतही एकही स्त्री नव्हती. आम्ही संघटनेची माणसे. ज्यांच्याविषयी करार करायचा त्यांनाच वाटाघाटीच्या खोलीबाहेर ठेवले तर करार कसा होतो, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

पुरुषांत हात पोळल्यावरही स्त्रियांत मात्र उलट घाई झाली. घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या १९४० नंतरच्या दशकात बाजारात आल्या होत्या. १९७६ साली सुरू झालेल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे दिसले, आणि पाळी गेलेल्या लाखो स्त्रियांना त्या दिल्या जाऊ लागल्या. पण गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या असतील तर? हा प्रश्न नीट सोडवायचा तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना खोटी गोळी द्यावी लागते. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या प्रमुखपदी प्रथमच एक स्त्री आली, डॉ. बर्नाडीन हीली. त्यांनी स्त्रियांच्या आरोग्याचा प्रचंड अभ्यास हाती घेतला. त्यात एकूण १,६१,८०८ स्त्रिया सामील झाल्या. त्यांपैकी १६,६०८ जणींवर दोन संप्रेरकांच्या संयुक्त गोळीचा प्रयोग झाला. जुलै २००२ मध्ये तो मुदतीआधी थांबला. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सात झटके अधिक, आठ पक्षाघात अधिक आणि आठ स्तनाचे कर्करोग अधिक, असा हिशेब निघाला. जगभर खळबळ उडाली. मग कोंबड्या खोटे बोलल्या काय? फ्रेमिंगहॅमच्या स्त्रिया खोट्या काय?

याचे उत्तर शोधायला आपल्याला पुन्हा फेसाळ पेशीकडे गेले पाहिजे. मधल्या काळात तिचे पोट कसे भरते आणि कसे रिकामे होते, हे बरेच उलगडले होते.

रक्तात कोलेस्टेरॉल एकटे फिरत नाही. त्याला हमाल लागतात. एलडीएल नावाचा हमाल माल घेऊन येतो, एचडीएल नावाचा हमाल तो परत यकृताकडे नेतो. डॅलस येथील ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखविले की सामान्य पेशीला माल आत घेण्याचे एक दार असते, आणि गरज भागली की पेशी ते दार बंद करते. १९८५ साली त्यांना नोबेल मिळाले. पण १९७९ साली त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. भक्षक पेशीला दुसरेच एक दार आहे. एलडीएलचा कण बिघडला, खराब झाला, की ती त्याला केर समजून या दाराने आत ओढते, आणि या दाराला अडसर नाही. पोट भरले तरी तोंड मिटत नाही. सफाईच तिचा धर्म. ती थांबणार कशी?

आत आलेले कोलेस्टेरॉल पेशी साठवणीच्या रूपात बदलते आणि थेंब करून ठेवते. तिला वाचायचे असेल तर ते पुन्हा बाहेर काढून एचडीएल हमालाच्या हवाली केले पाहिजे. हे बाहेर काढणारे दार कसे सापडले, त्याचीही कथा आहे. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात टँजियर नावाचे एक लहान बेट आहे. १९६० च्या सुमारास तेथल्या एका लहान मुलाच्या घशातल्या गाठी नारिंगी रंगाच्या आढळल्या. त्याच्या बहिणीच्याही तशाच. फ्रेडरिकसन या डॉक्टरांनी तपासले तेव्हा दिसले की गाठींतल्या भक्षक पेशी कोलेस्टेरॉलने ठासून भरल्या आहेत आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नाहीच. जवळपास चाळीस वर्षांनी, १९९९ साली, तीन वेगवेगळ्या गटांनी या रोगाचे मूळ शोधले. पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर लोटणारे एक प्रथिन या कुटुंबांत बिघडलेले होते. त्याचे नाव एबीसीए-१. टँजियरच्या त्या भावंडांनी जगाला शिकविले की भक्षक पेशीचे आरोग्य तिच्या मागच्या दारावर अवलंबून आहे.

आणि त्याच १९९९ साली तिन्ही ओढे एका पात्रात आले. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील मॅकक्रोहन, सेलरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्त्रिया आणि निरोगी पुरुष यांचे रक्त घेतले. त्यातल्या पांढऱ्या पेशी बशीत वाढवून त्यांच्या भक्षक पेशी केल्या, त्यांना बिघडवलेले एलडीएल खाऊ घातले, आणि सोबत इस्ट्राडायॉल दिले. स्त्रियांच्या पेशींत साठणारे कोलेस्टेरॉल कमी झाले. तेच संप्रेरक पुरुषांच्या पेशींना दिले तेव्हा काहीच फरक पडला नाही! संप्रेरक पेशीतल्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते त्याला ग्राही म्हणतात. इस्ट्रोजेनच्या ग्राहीची चाहूल शिकागोच्या जेन्सन यांना १९५८ सालीच लागली होती. सिडनीच्या प्रयोगात तो ग्राही अडवून धरला की स्त्रीच्या पेशीतला गुणही नाहीसा होई. म्हणजे हुकूम ग्राहीमार्फतच जात होता. एकाच रक्ताच्या, एकाच नावाच्या दोन पेशी. पण स्त्रीची पेशी तो हुकूम ऐकते आणि पुरुषाची ऐकत नाही. आम्ही हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. १९६६ साली आठ हजार पुरुषांना जमविण्याआधी कोणी हा प्रश्न विचारला असता तर, असे मनात येत राहिले. अर्थात तेव्हा पेशी वाढवून असे पाहण्याची विद्या आजच्याइतकी पुढे नव्हती, हेही खरे. आणि बशीतली पेशी म्हणजे संपूर्ण देह नव्हे. पुरुषांना त्या मात्रेने अपाय झाला तो मुख्यतः रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढल्याने.

हा हुकूम पेशीत काय करतो, याचा धागा २०११ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून मिळाला. तेथील संशोधकांनी अशा उंदरांचा अभ्यास केला ज्यांच्या भक्षक पेशींत इस्ट्रोजेनचा मुख्य ग्राहीच नव्हता. त्या पेशींना खराब एलडीएल मिळाल्यावर मागचे दार उघडणारे एबीसीए-१ पुरेसे तयार होईना, आणि माल उचलायला मदत करणारे दुसरे एक प्रथिनही होईना. ग्राही नसलेल्या पेशी ज्यांच्या रक्तात घातल्या होत्या त्या उंदरांच्या रोहिण्यांत थर वाढले. म्हणजे हे संप्रेरक सफाई कामगाराच्या मागचे दार उघडे ठेवायला मदत करते. ते यकृतावर आणि रोहिणीच्या अस्तरावरही काम करते, हे खरेच. पण भक्षक पेशीतले हे काम कोंबड्यांच्या जुन्या कोड्याला सर्वांत जवळ जाते.

मग २००२ साली गोळ्या का फसल्या? याचे उत्तर वेळेत आहे. उत्तर कॅरोलायनात क्लार्कसन यांनी माकडिणींचे बीजांडकोश काढून प्रयोग केले होते. लगेच इस्ट्रोजेन दिले तर रोहिण्यांतले थर सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी राहत. दोन वर्षे थांबून, थर वाढल्यावर दिले तर काहीच लाभ होत नसे. माकडाची दोन वर्षे म्हणजे माणसाची सुमारे सहा. २००२ च्या प्रयोगातल्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. म्हणजे पुष्कळजणींची पाळी जाऊन दहाबारा वर्षे लोटली होती. पुढे २०१६ साली लॉस एंजेलिस येथे ६४३ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात पाळी जाऊन सहा वर्षे झाली नव्हती अशा स्त्रियांच्या मानेतल्या रोहिणीची जाडी इस्ट्रोजेनमुळे सावकाश वाढली. दहा वर्षे उलटून गेलेल्यांत फरक दिसला नाही.

असे का व्हावे, याचे एक कारण डॅलस येथे २००७ साली पुढे आले, आणि ते फार मार्मिक आहे. कोलेस्टेरॉलने भरलेल्या भक्षक पेशी त्या कोलेस्टेरॉलपासून एक उपपदार्थ बनवितात. त्याला २७-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल म्हणतात. हा पदार्थ इस्ट्रोजेनच्याच ग्राहीत जाऊन बसतो आणि रक्तवाहिनीतले इस्ट्रोजेनचे काम अडवितो. थर जुना आणि जाड, तितका हा पदार्थ अधिक. म्हणजे एकदा कचरा साचू दिला की मुकादमाच्या खुर्चीवर कचऱ्यातलाच कोणी येऊन बसतो, आणि खरा मुकादम नंतर कितीही मोठ्याने ओरडला तरी कामगाराला ऐकू जात नाही. घर स्वच्छ असताना जी झाडू उपयोगी, ती छत कोसळल्यावर कामाची नाही. आज वैद्यक म्हणूनच सांगते की केवळ हृदयविकार टाळण्यासाठी पाळी गेलेल्या स्त्रीने ही संप्रेरके घेऊ नयेत. अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळाने २०२२ साली तेच मत पुन्हा दिले. इतर त्रासांसाठी ती द्यायची की नाही, हे डॉक्टरांनी त्या त्या स्त्रीकडे पाहून ठरवायचे.

सज्जनहो, येथे हा इतिहास संपवून आम्ही खाली बसलो असतो. पण या संप्रेरकाचा एक हिशेब आपल्या दाराशी येऊन थांबला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गाऱ्हाणी महाराष्ट्रभर ऐकू आली. नवराबायको मिळून एक कोयता, अशी उचल घेतलेली. पाळीच्या दिवसांत किंवा दुखण्यात एक दिवस खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. मग एखादा सांगतो, पिशवीच काढून टाक, कटकट गेली. राज्य सरकारने तेव्हा विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी साडेतेरा हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यांत ऐन तारुण्यातल्या पुष्कळ होत्या. आता पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन तेथे तयार होत नाही, ते बीजांडकोशात तयार होते. पण अशा शस्त्रक्रियेत अनेकदा बीजांडकोशही काढले जातात, आणि ते ठेवले तरी कित्येकजणींची पाळी जाण्याची वेळ लवकर येते. १९५३ साली मेयो क्लिनिकने शवविच्छेदनात जे पाहिले ते आपल्याला आता ठाऊक आहे. बीजांडकोश गमावलेल्या तिशीतल्या स्त्रीच्या सफाई कामगारांना मागचे दार उघडे ठेवायला सांगणारे कोणी नाही, आणि पुढे वीस वर्षे ती उन्हात मोळ्या उचलणार आहे. ठेकेदाराच्या हिशेबात तो फक्त चुकविलेला खाडा असतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे, आणि ते आम्ही संघटनेच्या मागणीपत्रातही घातले आहे. अशा शस्त्रक्रियेआधी बीजांडकोश काढणार की ठेवणार, हे स्त्रीला तिच्या भाषेत सांगितले पाहिजे आणि कागदावर लिहिले पाहिजे. पाळी गेलेल्या किंवा लवकर घालविलेल्या प्रत्येक कामगार स्त्रीचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तपासले पाहिजे. आणि पाठीत, जबड्यात, घामाने सुरू झालेल्या दुखण्याला पित्त म्हणण्याआधी हृदयाचा आलेख काढला पाहिजे. यांतले काहीच नवे नाही, काहीच महागडे नाही.

अनिच्कोव्हच्या सशांपासून आजपर्यंत शंभराहून अधिक वर्षे झाली. या काळात विज्ञान जेथे जेथे अडले तेथे पाहिले तर बहुधा एकच आढळते, की ज्याच्याविषयी प्रश्न होता त्याला विचारलेच नव्हते. सिडनीच्या मंडळींनी स्त्रीच्या पेशीला वेगळे विचारले आणि तिने उत्तर दिले. अक्कांनी आम्हांला सांगितले होते. ऐकायला आम्हीही कमी पडलो. त्यांची सून आज त्याच कारखान्यात विड्या वळते, आणि गेल्या महिन्यात तपासणीच्या रांगेत ती पहिली उभी होती.